मैदान पालिकेचे, क्लब गावाचा

इंग्लंडमध्ये खालच्या श्रेणीतला एखादा फुटबॉल क्लब बुडायला लागला की एक वाद दर वेळी नव्याने पेटतो. २०१९ मध्ये बरी या गावाचा क्लब बुडाला, २०२० मध्ये मॅक्लसफील्ड टाउन, आणि २०२५ च्या उन्हाळ्यात मोरकॅम बुडता बुडता वाचला. नावे बदलली, वाद तोच राहिला. एक बाजू म्हणते, क्लब हा गावाचा प्राण आहे, पालिकेने काहीही करून तो वाचवावा. दुसरी बाजू म्हणते, ग्रंथालये बंद पडताहेत, वृद्धांच्या देखभालीला पैसा पुरत नाही, मग फुटबॉलपटूंच्या पगारासाठी करदात्याने खिशात हात का घालावा? दोन्हीकडची माणसे तळमळीने बोलतात, पण उत्तर देतात ते चुकीच्या प्रश्नाचे. पालिकेने क्लबला पैसे द्यावेत की नाही, एवढ्यावरच हा वाद अडकतो. माझे मत असे आहे की क्लब चालवणाऱ्या कंपनीला पालिकेने एक पौंडही देऊ नये, अगदी कर्ज म्हणूनसुद्धा नाही. मात्र क्लब ज्या मैदानावर खेळतो ते मैदान वाजवी भावात मिळत असेल तर पालिकेने जरूर विकत घ्यावे, क्लबला भाडेपट्ट्याने द्यावे आणि नंतर कोणालाही विकू नये.

हा फरक कागदोपत्री वाटतो. तो किती खरा आहे हे दोन गावांकडे पाहिले की कळते. हेरेफर्ड युनायटेड हा १९२४ चा क्लब. १९७२ मध्ये एफए कपात, म्हणजे छोट्यामोठ्या सर्व क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत, त्याने वरच्या श्रेणीतल्या न्यूकॅसलला हरवले तो सामना इंग्लंड अजून विसरलेला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने हा क्लब गुंडाळला. पण त्याचे एडगर स्ट्रीटचे मैदान पालिकेच्या मालकीचे होते. पालिकेने ते समर्थकांनी उभ्या केलेल्या नव्या क्लबला दिले आणि पुढच्याच हंगामात, २०१५ मध्ये, त्याच मैदानावर त्याच प्रेक्षकांसमोर फुटबॉल पुन्हा सुरू झाले. नव्या हेरेफर्डने लागोपाठ तीन वर्षे आपली लीग जिंकली आणि पहिल्याच वर्षी एफए व्हाझ या छोट्या क्लबांच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी वेम्बली गाठले. आता बरीकडे पाहा. १८८५ चा क्लब, १९०० आणि १९०३ साली एफए कप जिंकलेला, आणि पहिल्या दिवसापासून गिग लेनवर खेळणारा. डिसेंबर २०१८ मध्ये तो एका पौंडाला विकला गेला. गिग लेन तोवर कर्जापोटी तारण पडले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने क्लबला बाहेर काढले. नवा क्लब काढणाऱ्या समर्थकांना शेजारच्या रॅडक्लिफच्या मैदानावर खेळावे लागले. गिग लेनच्या दाराला कुलूप होते, कारण मैदान मेलेल्या कंपनीच्या देण्याघेण्यात अडकले होते. २०२२ मध्ये सरकारच्या सामुदायिक मालकी निधीच्या मदतीने मैदान सोडवले गेले. समर्थकांच्या दोन गटांनी एकत्र यावे या अटीवर पालिकेनेही हातभार लावायचे कबूल केले आणि २०२३ मध्ये संघ घरी परतला. दोन्ही गावांत कंपनी बुडाली. हेरेफर्डने काही महिने गमावले, बरीने चार हंगाम गमावले आणि गाव दोन गटांत फाटले. हेरेफर्डचे लोक काय जास्त निष्ठावान होते? नाही. जमिनीचा कागद कोणाच्या नावावर आहे, एवढाच फरक होता.

क्लब म्हणजे नक्की काय, याचे उत्तर इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने शंभर वर्षांपूर्वीच दिले होते. तिच्या नियम ३४ प्रमाणे क्लबच्या भागधारकांना ठरावीक मर्यादेपलीकडे लाभांश घेता येत नसे, संचालकांना पगार नसे आणि क्लब गुंडाळला तर उरलेली मालमत्ता स्थानिक क्रीडासंस्थांकडे जावी अशी तरतूद होती. मैदान विकून मालकाने श्रीमंत व्हावे ही वाटच त्या नियमाने बंद केली होती. १९८३ मध्ये लंडनच्या टॉटनम क्लबने वर एक धारक कंपनी (क्लबची मालकी असलेली वेगळी कंपनी) उभी करून शेअर बाजारात पाऊल टाकले आणि हा नियम वळसा घालून निष्प्रभ केला. पुढे इतरांनीही तेच केले. त्याच वर्षी यजमान क्लबने प्रवेशशुल्काचा वाटा पाहुण्या क्लबला देण्याची जुनी पद्धत लीगने मोडली आणि १९९२ मध्ये वरचे क्लब प्रीमियर लीग काढून वेगळे झाले. आज दिसणाऱ्या दुरवस्थेची मुळे या तीन निर्णयांत आहेत. म्हणून 'क्लब हा खासगी धंदा आहे, धंदा बुडाला तर बुडू द्या' असे म्हणणाऱ्यांना विचारावेसे वाटते, हा धंदा खासगी केला कोणी, आणि गावाला कोणी विचारले होते का?

आता विरोधकांचा सर्वांत जड मुद्दा, पैशाचा. इंग्लंडमधल्या पालिका खरोखर संकटात आहेत. नॉर्दॅम्प्टनशर २०१८, क्रॉयडन २०२०, स्लाउ २०२१, थरॉक २०२२, वोकिंग, बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम २०२३: एकामागून एक स्थानिक संस्थांनी कलम ११४ ची नोटीस काढून अंदाजपत्रक जुळत नसल्याची कबुली दिली. यांतल्या काही तर मालमत्ता आणि गुंतवणुकीच्या नादानेच बुडाल्या. मग पालिकेला आणखी एक मालमत्ता घ्यायला सांगणे बेजबाबदारपणाचे नाही का? हा प्रश्न टाळता येत नाही. पण वोकिंग टोलेजंग इमारतींच्या प्रकल्पात अडकले आणि थरॉकने सौर ऊर्जेच्या व्यवहारांत पैसे गुंतवले, ते परताव्याच्या आशेने. कर्ज काढून नफा कमावू असा तो हिशेब होता. मैदान घेताना नफ्याचे गणित नसते आणि रकमाही त्या आकाराच्या नसतात. २०११ मध्ये प्लिमथ अर्गाइल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असताना पालिकेने होम पार्क १६ लाख पौंडांना विकत घेतले आणि वर्षाला १ लाख ३५ हजार पौंड भाड्याने क्लबलाच दिले. म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर दरसाल आठ टक्क्यांहून अधिक. वृद्धांच्या देखभालीतले पैसे पळवून केलेला हा खर्च नव्हता. भाड्यातून व्याज फिटते आणि जमीन पालिकेच्या खात्यात राहते. क्लबने २०१६ मध्ये ते मैदान परत विकत घेतले. पालिकेचे पैसे परत आले आणि सगळ्यांनी समाधान मानले. मला मात्र ती दुसरी पायरी पटत नाही. आजचा मालक चांगला असेल, पण मालक बदलतात, आणि जो धोका २०११ मध्ये टळला होता त्याचे दार २०१६ मध्ये पुन्हा उघडले.

किमतीबद्दल आणखी एक गोष्ट या वादात कोणी फारशी बोलत नाही. गावाच्या मध्यावरची मैदाने वाईट मालकांना खुणावतात ती त्यांवर घरे किंवा दुकाने उभी राहतील या आशेने. ती परवानगी द्यायची की नाही हे ठरवते कोण? नियोजन अधिकारी म्हणून तीच पालिका. खेळाशिवाय अन्य वापराला परवानगी मिळणार नाही हे पालिकेने आपल्या आराखड्यात ठामपणे लिहिले आणि पाळले, तर जमिनीचा भाव खेळाच्या जमिनीचाच राहतो. तो भाव पालिकेला परवडतो, सट्टेबाजाला त्यात रस उरत नाही. म्हणजे या धोरणाचा निम्मा भाग फुकट आहे, त्याला लागते ती नुसती हिंमत.

'ज्यांना फुटबॉल आवडत नाही त्यांनी का भरावे?' हा प्रश्नही जुनाच आहे. १८४६ च्या कायद्याने सार्वजनिक स्नानगृहे आणि धुलाईघरे काढायला करदात्याचा पैसा वापरण्याची मुभा दिली. १८४७ मध्ये बर्कनहेडने लोकांच्या पैशातून उद्यान उभारले. १८५० मध्ये ग्रंथालयांचा कायदा आला, तोही संसदेत जोरदार विरोध झेलून. ज्याच्या घरी न्हाणीघर आहे, ज्याला वाचनाची आवड नाही, त्याच्यावर कराचा बोजा का, असे तेव्हाही विचारले गेले. आज त्याच ग्रंथालयांच्या बचावासाठी फुटबॉलला विरोध केला जातो. गावाला एकत्र जमायला जागा हवी आणि ती बाजारभावाच्या लाटांवर सोडता येत नाही, हे तत्त्व एकदा मान्य झाले की मग उद्यान त्यात बसते आणि मैदान बसत नाही, याला आधार काय? आवडीनिवडीपलीकडे मला तरी आधार दिसत नाही.

पण इथेच क्लबप्रेमींच्या बाजूलाही खडसावून सांगायला हवे. उद्यान पालिकेचे असते म्हणून उद्यानात गाणाऱ्या वाद्यवृंदाचा पगार पालिकेने द्यावा असे होत नाही. फुटबॉलमध्ये पैसा कमी नाही, तो वाटला जात नाही. प्रीमियर लीगचा देशांतर्गत प्रक्षेपणाचा चालू करार चार हंगामांसाठी ६७० कोटी पौंडांचा आहे. तिच्या खालच्या तीन श्रेणींचा मिळून करार पाच हंगामांसाठी ९३.५ कोटींचा. ही दरी भरून काढणे बॅरो किंवा ग्रिम्सबीसारख्या छोट्या गावांतल्या करदात्याचे काम नव्हे. शिवाय क्लबच्या तिजोरीत ओतलेला पैसा कुठे जातो? दुसऱ्या श्रेणीत अनेक हंगाम असे गेले की क्लबांचा एकूण पगारखर्च एकूण उत्पन्नापेक्षा जास्त होता. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीच्या क्लबांनी २०२० मध्ये स्वतःच पगारावर मर्यादा घालून घेतली, पण खेळाडूंच्या संघटनेने आव्हान दिल्यावर २०२१ मध्ये ती रद्द झाली. आणि क्लब दिवाळखोरीत गेलाच तर लीगच्या नियमाप्रमाणे खेळाडू आणि इतर क्लब यांची देणी आधी पूर्ण चुकवावी लागतात. २०१० मध्ये पोर्ट्समथच्या सर्वसाधारण देणेकऱ्यांशी तडजोड झाली ती पौंडामागे २० पेन्सवर. ज्या गावासाठी क्लब वाचवायचा, त्याच गावातला छोटा पुरवठादार शेवटच्या रांगेत उभा राहतो. असा नियम असलेल्या कंपनीला पालिकेने कर्ज देणे म्हणजे गावाचा पैसा गावाबाहेर धाडणे.

नॉर्दॅम्प्टनमध्ये हेच घडले. २०१३ मध्ये तिथल्या पालिकेने सिक्सफील्ड्स मैदानाची पूर्वेकडची प्रेक्षागृहाची बाजू बांधण्यासाठी क्लबला १ कोटी २ लाख ५० हजार पौंडांचे कर्ज दिले. बांधकाम अर्धवट राहिले, क्लबवर गुंडाळण्याची वेळ आली आणि लेखापरीक्षकांनी नंतर पालिकेच्या कारभारावर कडक ताशेरे ओढले. अर्धवट सांगाड्याची ती बाजू वर्षानुवर्षे तशीच उभी होती. मदतीचे विरोधक हे उदाहरण पुढे करतात आणि ते योग्यच करतात. मात्र त्यातून निघणारा धडा 'पालिकेने फुटबॉलपासून दूर राहावे' असा नाही. पालिकेने पैसे एका कंपनीच्या हातात दिले आणि ती कंपनी पुढे ते कसे खर्च करते यावर पालिकेची पकड राहिली नाही, हा तो धडा आहे.

खरी अडचण कॉव्हेंट्रीची आहे, कारण तिथे पालिका मैदानाची सहमालक होती आणि तरीही सगळे बिघडले. हायफील्ड रोड सोडून क्लब २००५ मध्ये नव्या अरिनात गेला. अरिना चालवणाऱ्या कंपनीची मालकी पालिका आणि एका धर्मादाय संस्थेकडे निम्मी निम्मी होती. वर्षाला सुमारे १२ लाख पौंड भाडे, आणि सामन्याच्या दिवशी खाण्यापिण्याच्या विक्रीतून येणारे उत्पन्न क्लबला नाही. क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, तरी भाडे वरच्या श्रेणीचेच. २०१२ मध्ये क्लबच्या मालकांनी भाडे देणे थांबवले, २०१३ मध्ये संघ नॉर्दॅम्प्टनला जाऊन खेळू लागला आणि मोकळ्या खुर्च्यांसमोर 'घरचे' सामने झाले. पालिकेने अरिनाच्या कंपनीला १ कोटी ४४ लाखांचे कर्ज दिले, त्यावरून न्यायालयात लढाई झाली. ती पालिका जिंकली, पण २०१४ मध्ये तिने आपला हिस्सा मूळच्या लंडनच्या वॉस्प्स या रग्बी क्लबला विकून टाकला. २०२२ मध्ये वॉस्प्स बुडाला आणि मैदान तिसऱ्याच्याच हाती गेले. कॉव्हेंट्री सिटीला ते अखेर २०२५ मध्ये विकत मिळाले. क्लबच्या तत्कालीन मालकांचा दोष मी लपवत नाही, पण पालिकेनेही दोन चुका केल्या. ती सार्वजनिक संस्था असून घरमालकासारखी वागली, आणि अडचण आल्यावर तिने विकले. म्हणून भाडे क्लबच्या श्रेणीशी आणि उत्पन्नाशी बांधलेले हवे, खाली घसरला की भाडेही खाली. सामन्याच्या दिवसाचे उत्पन्न क्लबचे. आणि विक्रीचा अधिकार पालिकेने करारानेच स्वतःपासून काढून घ्यावा.

नीट चाललेली उदाहरणे बातमी होत नाहीत, हीसुद्धा या वादातली एक अडचण आहे. हलच्या पालिकेने स्वतःच्या मालकीच्या दूरध्वनी कंपनीचे शेअर विकून आलेल्या पैशातून नवे मैदान बांधले. ते डिसेंबर २००२ मध्ये उघडले तेव्हा हल सिटी चौथ्या श्रेणीत होता. २००८ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये पोचला, आणि त्या मैदानावर रग्बीही खेळली जाते. ब्रायटनचे गोल्डस्टोन मैदान १९९५ मध्ये बांधकाम व्यावसायिकांना विकले गेले, १९९७ नंतर दोन हंगाम संघ दूरच्या जिलिंगममध्ये खेळला आणि मग पालिकेच्या विथडीन या धावपट्टीच्या मैदानाने त्याला तब्बल बारा वर्षे आसरा दिला. प्रेक्षकांना पावसात बसावे लागे, खेळपट्टी लांब दिसे, पण क्लब गावात राहिला. विथडीन नसते तर आजचा ब्रायटन असता का?

मैदान क्लबच्या नावावर नसेल तर क्लब कर्ज कशावर काढणार, असाही आक्षेप येतो. स्कारबरोचे उदाहरण यासाठी दिले जाते. तिथले मैदान फक्त खेळासाठीच वापरायचे अशी जमिनीवर अट होती, त्यामुळे कर्जबाजारी क्लबला ते घरबांधणीसाठी विकता आले नाही आणि २००७ मध्ये क्लब गुंडाळला गेला. अट नसती तर क्लब वाचला असता, असे म्हणतात. मला हे पटत नाही. घर विकून देणी फेडणारा क्लब पुढच्या अडचणीत काय विकणार? डर्बी आणि शेफील्ड वेन्सडे यांनी तर आपली मैदाने आपल्याच मालकांना विकून ताळेबंद सजवले, आणि पुढे दोघांनाही दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून जावे लागले. तारण ठेवायला मैदान हाती नसेल तर क्लब कमी कर्ज काढेल. खालच्या श्रेणीच्या फुटबॉलमध्ये ती उणीव मानायचे कारण नाही. चांगला मालक असला की हे सगळे अनावश्यक, असे मानणाऱ्यांनी ब्लॅकबर्नकडे पाहावे. २०१० पासून तो पुण्याच्या वेंकीज समूहाकडे आहे. या मालकांनी पैसा ओतायचे थांबवले नाही, तरी क्लब २०१२ आणि २०१७ मध्ये असा दोनदा खाली घसरला. मालकाच्या मनावर आणि खिशावर संघ टिकतो, गावाची जागा टिकायला दुसरा आधार लागतो.

पालिकेची मालकी म्हणजे नुसती पाटी नव्हे, हे सटनने दाखवले आहे. सटन युनायटेडचे मैदान तिथल्या पालिकेचे. त्यावर कृत्रिम हिरवळ होती, म्हणून आठवडाभर गावातली मुले, मुली, हौशी संघ तिथे खेळत आणि क्लबला त्यातून उत्पन्नही मिळे. २०२१ मध्ये संघ चौथ्या श्रेणीत चढला आणि लीगच्या नियमामुळे ती हिरवळ उखडून गवत लावावे लागले. हॅरोगेटला २०२० मध्ये तेच करावे लागले, ब्रॉम्लीला २०२४ मध्ये. आठवड्यातून नव्वद मिनिटे वापरायची जमीन सहा दिवस बंद ठेवायची, आणि मग क्लब गावाशी जोडलेला आहे असे सांगायचे! मैदानाची मालक म्हणून पालिकांनी लीगशी भांडायचे असेल तर ते यावर भांडावे. फुटबॉल न पाहणाऱ्या करदात्यालाही मग आपल्या पैशाचे काहीतरी मिळेल.

२०२५ च्या जुलैत फुटबॉल प्रशासनाचा कायदा झाला आणि वरच्या पाच श्रेणींवर स्वतंत्र नियामक आला. मैदान विकायचे किंवा सोडून जायचे तर आता क्लबला त्याची परवानगी लागेल. हे फार मोठे पाऊल आहे. पण नियामक विक्री रोखू शकतो, विकत घेऊ शकत नाही. २०११ च्या स्थानिकता कायद्यानेही समाजाला महत्त्वाची जागा म्हणून नोंद झालेल्या मैदानासाठी बोली लावायला सहा महिन्यांची मुदत दिली आहे. त्या सहा महिन्यांत कर्जाने पिचलेल्या क्लबचे समर्थक डबे घेऊन वर्गणी गोळा करत फिरतात आणि समोर घाईला आलेला विक्रेता किंवा सावकार असतो. मैदान घ्यायची ती वेळच नव्हे. क्लब बरा चालला असताना, मालकाला एखाद्या नव्या प्रेक्षागृहासाठी रोकड हवी असताना, पालिकेने भाव ठरवून मैदान घ्यावे आणि नव्व्याण्णव वर्षांचा पट्टा क्लबच्या हाती द्यावा. बरीचा मालक बदलला त्या २०१८ च्या डिसेंबरात उशीर झाला होता. त्याच्या पाच वर्षे आधी झाला नव्हता, आणि आज तिसऱ्या-चौथ्या श्रेणीत बरे चाललेले, स्वतःचे मैदान असलेले असे क्लब पुष्कळ आहेत.